करंड्यातला फ्यूज

नारायण पेठेतून हिंजवडीला यायला बद्रीनाथ मेस्त्रींना दोन तास लागले आणि त्याचा राग त्यांनी आल्या आल्या मुक्ताबाईंच्या चहावर काढला. "साखर जरा कमी चालली असती, वहिनी. ऊस घरचा आहे का?" ऊस कसला घरचा! ज्या रानात ऊस होता तिथं आता काचेची अकरा मजली कंपनी उभी होती. एरवी मुक्ताबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या, पण आज त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. त्यांचं लक्ष अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे होतं. तिथं त्यांच्या लेकाची, पृथ्वीराजची, लाल गाडी नऊ वर्षं उभी होती, आणि ती का चालू होत नाही हे शोधायला मेस्त्री आले होते.

ती का चालू होत नाही हे मुक्ताबाईंना ठाऊक होतं. देवघरातल्या त्यांच्या करंड्यात, कुंकवाच्या तळाशी, नखाएवढा एक निळा फ्यूज होता. तो त्यांनीच आपल्या हातानं गाडीतून काढला होता. ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हती, नवऱ्याला तर नव्हतीच.

कंपन्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या दारात काही ना काही येऊन उभं राहिलं. कुणी तीन मजली बंगला बांधला. कुणी बैलाला शोभेल असा गोफ गळ्यात घातला. एकानं पोहायचा तलाव बांधला, पण म्हशी विकायचं राहून गेलं, मग तलावाचं काय झालं ते सांगायला नको. मुक्ताबाईंच्या नवऱ्यानं, सर्जेरावांनी, एकुलत्या एक पोराला विचारलं, "तुला काय पायजे?" पोरगा म्हणाला, "गाडी." मुंबईच्या एका दलालाकडून जुनी जपानी गाडी आली. बुटकी, लालभडक, छप्पर मागं दुमडणारी, आणि आत माणसं फक्त दोन. सगळी आळी बघायला लोटली. "एवढ्या पैशात दोनच मानसं?" शेजारच्या गोदाबाईंनी नाक मुरडलं. "आमच्या बैलगाडीत बारा बसत्यात."

सर्जेराव लांबूनच कौतुक करत. गाडीत काय आहे हे समजून घ्यायची हौस होती ती मुक्ताबाईंना. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं तल्लख. पृथ्वीराज झाकण उघडून त्यांना एकेक दाखवायचा. "आई, हा पेट्रोलचा पंप मागं टाकीत असतो. किल्ली फिरवली की दोन सेकंद गुणगुणतो, ऐक. आणि हा त्याचा फ्यूज. एवढासा हाय, पण हा काढला की चोराच्या बापालाबी गाडी चालू करता यायची न्हाई." मुक्ताबाईंनी तो आपल्या हातानं काढून पुन्हा बसवूनही दाखवला होता. पोरगा टाळ्या पिटत म्हणाला होता, "बास! आता तूच माझी मेस्त्री."

त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावस्येला दुपारी पितरांना पान ठेवून झालं आणि पोरानं सांगितलं, संध्याकाळी मित्रांबरोबर लोणावळ्याला चाललोय. मुक्ताबाईंनी सांगून बघितलं, रडून बघितलं. अमावस्या, त्यात पितरांची, आज उंबरा ओलांडून लांबच्या वाटेला लागू नये. पोरगा हसला. "आई, एक्सप्रेसवेला अमावस्या कळत न्हाई." तो अंघोळीला गेला तेवढ्यात मुक्ताबाई शेडमध्ये गेल्या आणि त्यांनी फ्यूज काढला. एका रात्रीचा तर प्रश्न होता. सकाळी घट बसले की गुपचूप परत बसवायचा, आणि पोराला काही कळायच्या आत सगळं जिथल्या तिथं. कुठल्याही आईनं केलं असतं तेच त्यांनी केलं, असं म्हणावंसं वाटतं. पण पुढं जे झालं त्यानंतर ते म्हणायची सोय राहिली नाही.

पोरानं किल्ली फिरवली. इंजिन फिरत राहिलं, पण पेटलं नाही. तो फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि शेवटी बॅटरीच बसली. मग हात झटकून तो आईकडे बघून हसला. "जिंकली बाई तुझी अमावस्या." मुक्ताबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगा घरी राहिला या आनंदात त्या चहा टाकायला आत गेल्या. चहाला उकळी येईपर्यंत पृथ्वीराज आळीतल्या दिग्विजयची मोटरसायकल मागून घेऊन गेलासुद्धा. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून तो जुन्या रस्त्यानं गेला. देहूरोडच्या पुढं नव्या सोसायट्यांना पाणी पुरवणारा टँकर उलट्या बाजूनं आला. चहा तसाच गॅसवर आटून भांडं काळं झालं होतं, ते मुक्ताबाईंनी पुढं कधी वापरलं नाही आणि टाकलंही नाही.

आता सर्जेरावांचं ऐका. आठवडाभर आधी पोरगा त्यांना म्हणाला होता, "दादा, बॅटरी जरा मरतुकडी वाटतीय, नवी घेऊ." सर्जेराव म्हणाले होते, "पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आनायची न्हाई. घट बसू दे, दुसऱ्या दिवशी घेऊ." पोरगा गेला तो घट बसायच्या आदल्या दिवशी. सर्जेरावांनी जे समजायचं ते समजून घेतलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा येईना. माणसं उन्हात ताटकळली. भटजींनी घड्याळ बघितलं. आत्या म्हणाली, आईबापाला सांभाळू म्हणा. मामा म्हणाला, गाडी विकणार न्हाई म्हणा. कशानंही कावळा शिवेना. मग सर्जेराव पुढं झाले, हात जोडले आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडत म्हणाले, "चुकलो रं राजा. बॅटरी घेऊन द्याया पायजे हुती." आणि कावळा शिवला.

झालं. साऱ्या गावादेखत पोरानं बापाची चूक पोटात घातली होती. आता मुक्ताबाईंनी तोंड उघडून काय सांगायचं होतं? आज सांगू, उद्या सांगू म्हणता वर्षश्राद्ध आलं, मग दुसरं आलं. सर्जेराव रोज संध्याकाळी शेडमध्ये जात, फडक्यानं गाडी पुसत आणि टपावर हात ठेवून पुटपुटत, "चुकलो रं राजा." मुक्ताबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकत. ऐकत आणि भाकरी थापत. नऊ वर्षांत एक दिवस खंड नाही. कुठल्या मेस्त्रीलाही त्यांनी गाडीला हात लावू दिला नव्हता.

पण उन्हाळ्यात सर्जेरावांची बायपास झाली आणि दवाखान्यातून आल्यावर त्यांनी एकच धोशा लावला. गाडी दुरुस्त नाही झाली तरी चालेल, पण त्या दिवशी ती का चालू झाली नाही, हे मला मरायच्या आत कळलं पाहिजे. कुणीतरी बद्रीनाथ मेस्त्रींचं नाव सांगितलं. मेस्त्री सत्तरीचे. खडकवासल्याच्या फौजी साहेबांच्या परदेशी गाड्या चाळीस वर्षं त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. जिभेला धार होती, पण हात डॉक्टरचा.

मागच्या आठवड्यात येऊन त्यांनी उंदरांचं घरटं काढलं, वार्निशसारखं घट्ट झालेलं पेट्रोल उपसलं, टाकी आणि नळ्या धुतल्या, प्लगच्या भोकांतून तेल सोडून इंजिन पान्यानं हातानं फिरवून मोकळं केलं. आज नवी बॅटरी आणि दोन लिटर ताजं पेट्रोल घेऊन ते आले होते. सर्जेरावांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून दिली.

मेस्त्रींनी किल्ली फिरवली. इंजिन जोरात फिरलं. फिरलं, फिरलं, पण पेटलं नाही.

"नवी बॅटरी हाय न्हवं?" सर्जेरावांनी विचारलं.

"अहो, आपल्यासमोर बसवली. नवी मीच खाऊन जुनी बसवली असं वाटतंय का?" मेस्त्री खाली उतरले. "त्या दिवशी गाडीजवळ कोण होतं?"

"मी देवळात हुतो. ही हुती."

मेस्त्री मुक्ताबाईंकडे वळले. "आठवून सांगा, वहिनी. किल्ली फिरवल्यावर आधी असंच इंजिन फिरलं, की पहिल्यापासून नुसताच टक् टक् आवाज आला?"

मुक्ताबाईंना आठवायची गरजच नव्हती. तो आवाज रोज रात्री डोळे मिटले की येत होता. खोटं बोलायचं तर ही वेळ होती. नुसतं 'टक् टक्' म्हटलं असतं तर बॅटरीवरच सगळं मिटलं असतं. पण दाराच्या चौकटीला धरून उभे असलेले सर्जेराव त्यांच्याकडे असे बघत होते की खोटं त्यांच्या घशातून वर आलंच नाही.

"आदी लई वेळ फिरली," त्या म्हणाल्या. "जोरात. मग हळूहळू दमली. मग टक् टक्."

"मग संपलं. सर्जेराव, बॅटरी चांगली होती. ती नंतर मेली, फिरवून फिरवून. रोग वेगळाच होता."

शेडमधल्या पालथ्या घमेल्यावर सर्जेराव हळूच टेकले. "बॅटरी न्हवती," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. नऊ वर्षांचं ओझं एकदम उतरलं की माणसाला हलकं वाटत नाही, भोवळ येते. मुक्ताबाईंना ते बघवेना. एका वाक्यात जे उतरलं ते त्यांनी कितीतरी आधी उतरवायला हवं होतं, या विचारानं त्यांना स्वतःची किळस आली.

"मग काय हुतं?" सर्जेरावांनी मान वर केली.

"तेच बघतो. इंजिनाला दोन गोष्टी लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. बाकी सगळी मालकाची मिजास." मेस्त्रींनी एक प्लग काढला, लोखंडाला टेकवला आणि मुक्ताबाईंना किल्ली फिरवायला सांगितली. निळी ठिणगी तडतडली. प्लगच्या टोकाला त्यांनी बोट लावून हुंगलं. कोरडं होतं. "ठिणगी आहे. पेट्रोल येत नाही." मग ते मागं गेले, गुडघ्यांना शिव्या देत वाकले आणि टाकीजवळ कान लावला. "फिरवा. नुसती अर्धी."

मुक्ताबाईंनी किल्ली अर्धी फिरवली. शेडमध्ये शांतता होती.

"न्हाई ना गुणगुणत?" त्यांच्या तोंडून गेलं.

मेस्त्रींनी मान वर केली. "काय नाही गुणगुणत, वहिनी? मी तर अजून काही बोललो नाही."

मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. मेस्त्रींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग काही न विचारता पुढं आले, सीटजवळ बसले आणि खालच्या फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडलं. टॉर्च मारला. बराच वेळ मारला. एवढा वेळ लागण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"पंपाचा फ्यूज," ते शेवटी म्हणाले.

"जळाला?"

"जळालेला फ्यूज जागेवर सापडतो. हा जागेवर नाही. कुणीतरी हातानं काढलाय."

"कुनी?" सर्जेराव उठून उभे राहिले. "माझ्या शेडात कोन येतंय? कुनी काढला?"

बद्रीनाथ मेस्त्रींनी आयुष्यात भल्याभल्यांना फटकारलं होतं, पण त्या वेळी त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, तरुण मुलं चोराच्या भीतीनं स्वतःच काढून ठेवतात आणि मग विसरतात. मी असे दहा पाहिलेत. दोन रुपयांची वस्तू, माझ्याकडे आहे. बसवतो आणि विषय संपवतो." ते हे सर्जेरावांना सांगत होते, पण बघत होते मुक्ताबाईंकडे.

वाट मोकळी होती. मुक्ताबाईंनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याची तर त्यांना नऊ वर्षांची सवय.

सर्जेराव गाडीकडे बघत राहिले. "म्हंजी पोरानंच काढला," ते हळूहळू म्हणाले, "आन पोरच इसारलं? सोताच्या हातानं? आरं येड्या! आरं इसरभोळ्या! दोन रुपयाच्या वस्तूपायी..." त्यांचे ओठ वाकडे झाले. "मी उगाच मला बोल लावत बसलो. चूक त्याचीच हुती की गं."

नवऱ्याला बोल लागत होता तोवर मुक्ताबाईंनी सोसलं होतं. वाईट बाई म्हणा, पण सोसलं होतं. मेलेल्या लेकराच्या माथी आपली चूक चढताना मात्र त्यांच्यानं बघवलं नाही.

"त्यो इसरभोळा न्हवता," त्या ओरडल्या. "माज्या पोरावर घालू नका! अहो, त्याचं काय चुकलं न्हाई!"

त्या घरात धावल्या. करंडा घेऊन आल्या आणि घाईनं उघडताना झाकण खाली पडून घरंगळत गाडीखाली गेलं. त्यांनी करंडा तळहातावर उपडा केला. कुंकवाचा ढीग पडला आणि त्यात तो फ्यूज, निळा आता ओळखूही येत नव्हता.

"अमावस्या हुती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एक रात घरात ऱ्हाईल. एकच रात. सकाळी बसवणार हुते."

रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिचा हॉर्न तेवढा ऐकू आला. मेस्त्रींनी तो फ्यूज दोन बोटांनी उचलला, फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसला. लाल रंग पुरता गेला नाही.

"वहिनी, मी जाऊ का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात आता टोमणा उरला नव्हता.

"बसवा," सर्जेराव म्हणाले.

मेस्त्रींनी प्लग जागेवर घट्ट केला, फ्यूज बसवला. किल्ली अर्धी फिरवली. मागच्या टाकीतून गुणगुण आली. त्यांनी थोडं थांबून किल्ली पुन्हा अर्धी फिरवली, पुन्हा गुणगुण. मग पूर्ण फिरवली, आणि गाडी पेटली. थोडी खोकली, भसाभसा पांढरा धूर सोडला, आणि मग जणू काल संध्याकाळीच उभी केली होती अशी चालू लागली. हाच आवाज वळणावर ऐकू आला की मुक्ताबाई तवा चुलीवर ठेवायच्या. त्यांचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. दोन पावलं गेल्या, मग भानावर येऊन तिथंच उभ्या राहिल्या आणि हमसाहमशी रडू लागल्या.

मेस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली. पैशांचं कुणी काढलं नाही, त्यांनीही नाही. फाटकापर्यंत ते एकटेच चालत गेले.

सर्जेराव गाडीपाशी गेले. नऊ वर्षं त्यांनी ती पुसली होती, पण आत कधी बसले नव्हते. ते वाकून, कण्हत, पोराच्या जागेवर बसले. गाडीला हलवायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं आणि हलवायची इच्छाही नव्हती. मग त्यांनी हात लांब करून पलीकडचं दार ढकललं. मुक्ताबाईंना कळेना, ते आपल्यासाठी उघडलंय की वाऱ्यासाठी. तरी त्या गेल्या. दोनच माणसांची गाडी. त्या बसल्यावर ती भरली.

सर्जेराव समोर बघत होते. "मला बोल लावू दिलास," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी. खिडकीतनं बघत हुतीस."

"व्हय."

"कावळा माज्या शब्दावर शिवला, मुक्ते. साऱ्या गावानं बघितलं." त्यांचा श्वास लागला होता, शस्त्रक्रियेच्या व्रणावर त्यांनी हात दाबून धरला. "जे माजं न्हवतं त्याची मी माफी मागितली, आन ती मला मिळाली. तुजं तसंच ऱ्हायलं."

मुक्ताबाईंना वाटलं, आता ते उतरून जातील. पण ते गेले नाहीत.

"आता तू माग," सर्जेराव म्हणाले. "मी हाय बसलेला."

मुक्ताबाईंनी समोरच्या काचेवर हात ठेवला. कुंकवाचा पंजा उमटला. ओठ हलत होते, पण इंजिनाच्या आवाजात त्यांचं त्यांनाच काही ऐकू येत नव्हतं, आणि तेच बरं वाटत होतं. त्या बोलत राहिल्या. चहाचं सांगितलं, आटलेल्या भांड्याचं सांगितलं, सकाळी बसवणार होते हे पुन्हा पुन्हा सांगितलं. बराच वेळ गेला. दोन लिटरच पेट्रोल होतं. एकदा आचका बसला, दुसऱ्यांदा बसला आणि इंजिन बंद पडलं.

शेडमध्ये एकाएकी फक्त त्यांचाच आवाज राहिला. "चुकले रं राजा," असं त्या म्हणत होत्या. ऐकून त्या दचकल्या आणि थांबल्या.

"म्हन," सर्जेराव म्हणाले. "थांबू नगंस."